हनुवटीवरचे तीन ठिपके

माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न मोडलं ते माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर इतक्या वर्षांच्या सवयीनं मी पुन्हा दुसऱ्याच कुणाकडे बोट दाखवीन. ज्यांच्याकडे दाखवीन त्या बाई आता नाहीत, आणि असत्या तरी त्यांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं असतं. तो त्यांचा स्वभावच होता. माझा नाही.

मी सतरा वर्षांची होते. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत आणि आमचा जिल्हा मध्य प्रदेशात मोडत असे. मराठी सातवी पास झालेल्या मुलींना दोन वर्षांत मास्तरीण करून गावोगावी पाठवणारी एक ट्रेनिंग शाळा तिथं होती, तिच्या वसतिगृहात मी राहायची. एके दिवशी प्रार्थनेनंतर हेडबाईंनी सांगितलं की आठवड्यातून दोन दिवस चित्रकला शिकवायला हॉलंडच्या एक बाई येणार आहेत. हॉलंड कुठं आहे ते आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. भूगोलाच्या बाईंनाही नसावं, कारण त्यांनी नकाशाची गुंडाळी सोडलीच नाही.

बाई आल्या त्या बैलगाडीतून. चाळिशीच्या, दारात वाकावं लागेल एवढ्या उंच, पायात पुरुषी वहाणा. गावाबाहेर पाच मैलांवर महारोग्यांचा एक दवाखाना होता. तिथं त्या वर्षभर राहत होत्या आणि दवाखान्याची पत्रकं, तक्ते, भिंतीवर चिकटवायची चित्रं तयार करत होत्या. मराठी शिकल्या होत्या त्या दवाखान्याच्या स्वयंपाकिणीकडून. त्यामुळं आमच्या पुणेरी हेडबाईंना त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मले तुमची शाळा लई आवडली." हेडबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आम्ही वर्षभर मार खाऊन जी भाषा विसरत होतो, ती गोऱ्या तोंडातून ऐकून आम्हाला हसू आवरेना.

पहिल्या तासाला त्यांनी टेबलावर एक मडकं ठेवलं आणि काढा म्हणाल्या. पंचवीस मुलींनी पंचवीस छान गोल मडकी काढली. बाई प्रत्येकीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. मग मडकं उचलून त्यांनी उजेडात धरलं. गळ्यापासून पोटापर्यंत त्याला तडा गेलेला होता. हे तुम्हाला कसं दिसलं नाही, असं त्यांनी विचारलं. दिसलं सगळ्यांनाच होतं, पण चित्रात फुटकं मडकं कोण काढतं? मी एकटीनं तो तडा काढला होता. बाईंनी माझी पाटी वर्गाला दाखवली, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. त्या दिवसापासून आपल्या नजरेतून काही सुटत नाही असं मला वाटायला लागलं. हा गर्व पुढे किती महागात पडणार आहे हे कळायला मला सहा महिने लागले.

दर रविवारी मी दवाखान्यावर जायला लागले. बाईंचं काम एका कौलारू पडवीत चालायचं. महारोगी दिसले की सुरुवातीला मी नाकाला पदर लावून लांबून जायची, खोटं कशाला सांगू. पण पडवीत शिरलं की शाईचा आणि ताज्या लाकडाचा वास यायचा आणि बाकी सारं विसरायला व्हायचं. बाई शिवणीच्या लाकडाच्या फळ्या सुताराकडून घासूनपुसून आणवत, त्यावर चित्र उलटं उतरवत आणि बारीक पटाशीनं कोरत. जे छापून यायला हवं ते ठेवायचं, बाकीचं लाकूड काढून टाकायचं. फळी मग चांद्याच्या छापखान्यात जाई, तिच्याखाली मजकुराचे शिशाचे खिळे जुळवले जात आणि पायानं चालवायच्या यंत्रावर कागद निघत. एक काळा ठिपका हवा असेल तर त्याच्याभोवतीचं सगळं लाकूड खरवडून तेवढा ठिपका उभा ठेवावा लागे. ठिपका नको झाला तर मात्र पटाशीचा एक फटका पुरे. हे मुद्दाम सांगते आहे.

कोरताकोरता बाई आपल्या देशातलं सांगत. त्यांचे वडील जहाजावर रंगारी होते. मुलींना चित्रकला शिकवणाऱ्या एका शाळेत त्या शिकल्या, मग एका मोठ्या छापखान्यात लागल्या. बियाणांच्या पुड्या, चहाची वेष्टनं, बिस्किटांचे डबे, ट्रामगाडीतल्या जाहिराती, सगळं त्यांनी केलं होतं. संध्याकाळी गिरणीतल्या मुलींना त्या चित्रकला शिकवत. मग लढाई आली. लढाईचं त्या काही बोलत नसत. लढाई संपल्यावर छापखान्यात परत गेले नाही, एवढंच एकदा म्हणाल्या. मी विचारलं का नाही गेलात, तर त्यांनी पटाशीला धार लावायला घेतली.

आता मोठीबद्दल सांगते. आम्ही दोघीच बहिणी, आणि घरात तिला सगळे मोठीच म्हणत. आमचं गाव नागभीडकडचं, तलावाच्या काठावर. बाबा तलावात जाळं टाकायचे, थोडी धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं, होती. आई गेली तेव्हा मोठी अकरा वर्षांची होती आणि मी आठ. त्या दिवसापासून चूल तिची. मला शाळेत घालायचा हट्ट तिनंच धरला, स्वतः मात्र एक अक्षर शिकली नाही. या सगळ्यात तिचं लग्नाचं वय उलटून चाललं होतं. वीस म्हणजे तेव्हा फार. शेवटी कुरखेड्याकडचं एक स्थळ आलं. मुलगा जंगलखात्यात गार्ड होता, वाचता-लिहिता येणारा. त्यानं मोठीला नागभीडच्या बाजारात मासळी विकताना पाहिलं होतं आणि घरी जाऊन हीच पाहिजे म्हणून सांगितलं होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झाला. लग्न फाल्गुनात ठरलं. मोठी चुलीपाशी गुणगुणायला लागली. आई गेल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

मोठीच्या हनुवटीवर गोंदण होतं. आमच्याकडं सगळ्या बायकांच्या असतं, पण तिचं वेगळं होतं. तीन ठिपके सरळ ओळीत हवे होते. गोंदणाऱ्या म्हातारीला धड दिसत नव्हतं, त्यामुळं तिसरा ठिपका खाली घसरला होता. ओठाखाली दोन आणि एक हनुवटीच्या टोकाशी, असं गोंदण पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं. बाजारात गिऱ्हाइकं तिला त्यावरूनच ओळखत.

दिवाळीनंतर मोठी मला भेटायला चांद्याला आली, सुकटीचं गाठोडं घेऊन. मी तिला पडवी दाखवायला नेलं. बाई त्या वेळी एका नव्या चित्राच्या विचारात होत्या. महारोगावर नव्या गोळ्या आल्या होत्या, लवकर आलं तर माणूस बरा होत होता, पण लोक चट्टे लपवत आणि बोटं झडल्यावर येत. त्यांना सांगायचं होतं की अंगावर फिका चट्टा असेल तर तिथं सुई टोचून पाहा, दुखलं नाही तर दवाखान्यात या. बाईंना एका तरुण बाईचा चेहरा हवा होता, गालावर चट्टा आणि गालाशी नेलेली सुई. मोठीला पाहून त्यांनी तिला मोहाच्या झाडाखाली बसवलं. मोठी लाजली, पदर सारखा केला आणि दोन तास जागची हलली नाही. चित्र झाल्यावर तिनं ते पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाली, "मी इतकी बरी दिसतो का गं?"

ती गेल्यावर बाईंनी ते चित्र पुढं घेतलं आणि नाक थोडं रुंद केलं, भुवया बदलल्या, हनुवटी कोरी ठेवली. तो चेहरा आता मोठीचा राहिला नाही. मी कुरकुरले. बाईंनी मला बजावलं, "हनुवटीवर काई नोको. छापाच्या कागदावर कोनाचं तोंड नाई पाह्यजे." का, ते सांगितलं नाही. चित्र फळीवर उतरवलं आणि कोरायला माझ्याकडं दिलं, कारण त्यांना हिवताप भरला होता. माझ्या हाती दिलेली ती पहिली मोठी फळी.

चार दिवस मी कोरत होते. चेहरा फळीतून वर येत गेला, पण तो कुणाचाच चेहरा नव्हता. मला ते बघवेना. नाक आणि भुवया मी बाईंनी काढल्या होत्या त्यापेक्षा मोठीच्या वळणावर नेल्या. हनुवटीपाशी आले तेव्हा हात थांबला. तिथलं सगळं लाकूड काढून टाकायचं होतं. मी दोन ठिपके ठेवले, आणि खाली एक. त्या क्षणी फळीतून मोठी माझ्याकडं बघायला लागली. मला इतका आनंद झाला की उठून पडवीत दोन फेऱ्या मारल्या. मनात कुठंतरी पाल चुकचुकली, नाही असं नाही. छापखान्याचा माणूस फळी न्यायला दुसऱ्या दिवशी यायचा होता. आख्खी संध्याकाळ ती फळी आणि पटाशी माझ्यासमोर होती. मी फळी फडक्यात गुंडाळून ठेवली.

कागद छापून आले तेव्हा बाई नुकत्याच अंथरुणातून उठल्या होत्या. गठ्ठ्यातला वरचा कागद त्यांनी उचलला, आणि तो हातात धरून त्या खाली बसल्या. मला वाटलं पुन्हा ताप चढला. त्यांनी मला हाक मारली नाही, रागावल्या नाहीत. अर्धे गठ्ठे कुठं गेले एवढंच कंपाउंडरला विचारलं. ते सकाळच्याच गाडीनं वडशाला रवाना झाले होते. तिथून आरमोरी, कुरखेडा आणि पुढे जंगलातल्या बाजारांत. कुरखेडा हा शब्द ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं मी काय करून बसले ते.

उरलेले कागद जाळायला दवाखान्याच्या कारभाऱ्यांनी नकार दिला. कागद मिळवायला केवढी यातायात झाली होती, आणि तीन ठिपक्यांसाठी जाळायचे? मग बाईंनी दाढीचं पातं घेतलं आणि एकेका कागदावरचे ठिपके खरवडायला बसल्या. मीही बसले. तीन दिवस आम्ही मोठीची हनुवटी खरवडत होतो. 

चौथ्या दिवशी आम्ही दोघी छोट्या रुळांच्या आगगाडीनं वडशाला गेलो. वैनगंगेच्या पुलावर गाडी हळू झाली आणि खाली वाळूत बसलेल्या बायकांकडं बघताना मला प्रत्येक हनुवटी दिसायला लागली. वडशाच्या बाजारातला कागद आम्ही उतरवला, आरमोरीचे दोन. कुरखेड्याला मोटारीनं पोचलो तर बाजार भरून गेला होता. बाजाराच्या टोकाला एक जुनं आंब्याचं झाड होतं, त्याच्या खोडाला कागद चिकटवलेला होता. त्याच्यापुढं माणसं उभी होती, कुणी हसत नव्हतं. आम्ही गर्दीतून पुढं गेलो. मोठीच्या गालात, चट्ट्याच्या जागी, कुणीतरी बाभळीचे काटे टोचले होते. एक नाही, पंधरा-वीस. येणारा-जाणारा सुईऐवजी काटा टोचून बघत असावा. एका म्हाताऱ्यानं बाईंना विचारलं की ही पोरगी जिवंत आहे का मेली. आमच्याकडं तेव्हा कागदावर चेहरा म्हणजे एक देवाचा, नाहीतर मेलेल्याचा. जिवंत माणसाचा कुणी पाहिला नव्हता. ही खरीखुरी पोरगी आहे आणि तिला खरोखर रोग झाला आहे, यात तिथं कुणालाच शंका नव्हती.

बाईंनी काटे एकेक करून काढले आणि कागद सोडवला. तिथं आणखी एक कागद लागला होता, तो आदल्या दिवशी कुणी तरी नेला, असं पानवाल्यानं सांगितलं. कोणी नेला ते त्याला माहीत नव्हतं.

परतीच्या गाडीत बाईंनी मला लढाईचं सांगितलं. त्यांच्या शेजारी एक बाई राहायची, हसरी, गालाला खळी पडणारी. बाईंनी तिला समोर बसवून बिस्किटाच्या डब्यावरचं चित्र काढलं होतं. तो डबा घरोघरी गेला. मग जर्मन आले आणि त्या शेजारणीसारख्या ज्यू लोकांना धरून न्यायला लागले. ती दुसऱ्या गावी, दुसऱ्या नावानं लपली. कागदपत्रं सगळी चोख होती. दुकानात उभी असताना एका पोरानं आईला म्हटलं की ही बघ, डब्यावरची बाई. ती परत आली नाही.

ऐकून मला दया यायला हवी होती. मला संताप आला. हे आधी सांगितलं असतं तर मी ठिपके ठेवले असते का, असं मी त्यांना फाडकन विचारलं. एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवून नुसतं काई नोको म्हणायचं, म्हणजे काय समजायचं माणसानं? गाडीतली माणसं आमच्याकडं बघायला लागली. बाई खिडकीबाहेर बघत हळू म्हणाल्या, "सांगाले लाज वाटली मले."

त्यांचं बरोबर होतं आणि माझंही. पण मोठीच्या उपयोगाचं दोन्ही नव्हतं.

मी नागभीडला उतरून घरी गेले. मोठीला सगळं सांगायचं, असं ठरवून गेले होते. ती अंगण सारवत होती, मला बघून तिला एवढा आनंद झाला की मी तिच्या शेजारी बसून सारवायला लागले. आज सांगू, उद्या सांगू करत तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी कुरखेड्याची छकडी दारात थांबली. मुलाचा बाप, काका, मुलाची आई, आत्या आणि बरोबर एक अनोळखी म्हातारी. मुलगा नव्हता. बाबांनी खाट टाकली, पानाचं ताट पुढं केलं. पानाला कुणी हात लावला नाही.

बायका मोठीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मी मागून गेले. आत्यानं कमरेची पिशवी काढली, तिच्यातून घडी घातलेला कागद काढला आणि मोठीच्या तोंडाशेजारी धरला. मोठीला आधी कळेना. तिनं कागद बघितला, हसली सुद्धा, हे त्या बाईंनी काढलेलं चित्र आहे असं सांगायला लागली. तिला वाचता येत नव्हतं. खाली काय छापलंय ते आत्यानं आपल्या पोराकडून वाचून घेतलं होतं, तिनं ते पाठ म्हणून दाखवलं.

तिचं तोंड खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी पाहिलं. चट्टा नव्हताच, दिसणार कुठून? मग म्हातारीनं पदराच्या गाठीतून सुई काढली. ती त्यांच्या गावची सुईण होती. मोठीच्या डाव्या गालात, कागदावर होती त्याच जागी, तिनं सुई टोचली.

मोठी हलली नाही. म्हातारीनं आणखी खोल टोचली. मोठी समोरच्या भिंतीकडं बघत होती. गालावर रक्ताचा थेंब आला. मुलाच्या आईनं विचारलं, "दुखते का?" मोठी बोलली नाही. तिनं पुन्हा विचारलं, जरा मऊपणानं, कारण ती बाई तशी वाईट नव्हती. तिलाही ही सोयरीक हवी होती. मोठी तरी बोलली नाही. मग त्यांनी दंडात टोचली, मनगटात टोचली.

मी दाराच्या चौकटीशी उभी होते आणि मला मोठीचे पाय दिसत होते. तिच्या पायाची बोटं सारवलेल्या जमिनीत रुतली होती, पार पांढरी पडली होती. त्या खोलीत ते मला एकटीला दिसलं. तिला दुखतंय, पाय बघा, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात आत्या माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "तू तं तिथीच शिकतं ना, त्या गोऱ्या बाईपाशी? मंग हे कोनं केलं?"

मी तोंड मिटलं.

छकडी गेल्यावर बाबा खाटेवरून उठलेच नाहीत. मोठी तलावावर गेली, मी तिच्या मागं. तिनं गाल धुतला. मी रडत विचारलं की ओरडली काऊन नाहीस. ती म्हणाली, "सुई घेऊन येनाऱ्याच्या घरी मी ओरडून जाऊ का?" मग थोड्या वेळानं, पाण्याकडं बघत, अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "थो येईन. त्याले मालूम पडलं का थो येईन." तो येईल म्हणून तिनं होळीपर्यंत वाट पाहिली. तो आला नाही.

गावात ही गोष्ट पसरायला दोन दिवस लागले नाहीत. मोठीच्या हातची मासळी घेणं लोकांनी बंद केलं. विहिरीवर तिच्या आधी भरून घ्यायची घाई सुरू झाली. मी बाईंना पत्र लिहिलं. त्या डॉक्टरांना घेऊन आल्या. डॉक्टरांनी मोठीला तपासलं, काही नाही असं पत्र शिक्का मारून दिलं. बाबांनी ते पाटलाला दाखवलं. पाटील म्हणाला की रोग नसताना दवाखान्याचा शिक्का कशाला लागतो? त्या पत्रानं उरलंसुरलं पार घालवलं. त्याआधी निदान निम्म्या गावाला शंका तरी होती.

त्याच दिवशी निघताना बाई अंगणात उभ्या राहिल्या. मोठी दारात होती, मी तिच्या मागं. मोठीनं त्यांना सरळ विचारलं, "बाई, माह्ये ठिपके कागदावर काऊन काढले तुमी?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. तो क्षण मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. त्यांच्या नजरेत दटावणी नव्हती, विनवणी नव्हती. त्या मला वेळ देत होत्या. मी खाली बघितलं. तेव्हा त्या मोठीला म्हणाल्या, "चुकलं माह्यं."

मोठीनं त्यांना सांगितलं की तुमी चुकलं म्हणून मोकळ्या झाल्या, आता पुन्हा या दारी येऊ नका. आणि दार लावून घेतलं.

बाई त्या उन्हाळ्यात मायदेशी गेल्या. जाताना आपल्या सगळ्या पटाशा मला देऊन गेल्या. पुढं तिकडं एका गावात त्या मुलींना चित्रकला शिकवत राहिल्या, निवृत्त होईपर्यंत. छापाचं कामही करत. दर नाताळाला त्यांचं कार्ड येई. त्यावर कधी पक्षी असत, कधी झाडं, कधी नुसती सुंदर अक्षरं, पण माणूस कधीच नसे. प्रत्येक कार्डात मोठी कशी आहे असं विचारलेलं असे. ती बरी आहे असं मी कळवी. मोठी कार्ड हातात घेत नसे. चुलीत घाल म्हणायची. मी पेटीत ठेवत गेले.

मी मास्तरीण झाले, ब्रह्मपुरीला बदली झाली. बाबा वारल्यावर मोठीला तिथंच आणलं. मलाही कुणी मागणी घातली नाही, कारण रोगाचं नाव घराला लागलं होतं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. दोघी राहिलो. ती स्वयंपाक करायची, मी शाळा. पोरींना मडकं काढायला लावायची मी, पण तडा काढणाऱ्या पोरीला वर्गासमोर कधी उभं केलं नाही.

बाई गेल्याचं त्यांच्या एका विद्यार्थिनीनं कळवलं, तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. पत्र वाचलं आणि माझ्यानं राहवलं नाही. मोठी तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. फळी, पटाशी, ती संध्याकाळ, अंगणातली बाईंची नजर, सगळं.  ती मला मारेल, घराबाहेर काढेल, काहीही करेल, असं मला वाटत होतं.

मोठीनं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "त्या आत्यानं इचारलं ना, हे कोनं केलं, तवाच. तुह्या तोंडावर दिसलं."

मग बाईंना का बोललीस, मी विचारलं. तीस वर्षं त्यांचं कार्ड हातात धरलं नाहीस ते का?

तिनं मान वर केली नाही. "तुले बोलली असती तं मंग राह्यली कोनासंग असती मी?"

तिनं सूप झटकलं आणि तांदूळ धुवायला उठली. मला कळेना रडावं की तिच्या पाया पडावं. बाई मात्र मोठीनं आपल्याला माफ केलं नाही, असं समजूनच गेल्या होत्या, आणि मोठीचा राग त्यांच्यावर कधीच नव्हता हे कळवायला आता त्यांचा पत्ता राहिला नव्हता.